गड्ड्यानंतर अंदमान: घरात पहिल्यांदाच बेटावर जातोय, पाच रात्रींची आखणी कशी करावी?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आता ठरवायचंच, म्हणून धागा काढतेय.

आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. फेब्रुवारी सरत आला की कापडाचे तागे येऊन पडतात आणि जून संपेपर्यंत मान वर करायला सवड नसते. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा. नंदीध्वज निघायच्या दिवसांत सासूबाई सोलापूर सोडणार नाहीत, आणि सोडावं असं मलाही वाटत नाही. तेव्हा अक्षता, होम, शोभेचं दारूकाम सगळं आटोपल्यावर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, एवढीच मोकळी जागा उरते.

आम्ही चौघं. मी, हे, पाचवीतला मुलगा (दहा पूर्ण) आणि सासूबाई (वय ६७, गुडघे दुखरे, पण हौस दांडगी). समुद्र आजवर गणपतीपुळ्याला आणि गोव्याला किनाऱ्यावरून पाहिलेला. चहूबाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी राहायचं ही मुलाची मागणी आहे, आणि मलाही तेच हवंय. मालदीव, लक्षद्वीप, अंदमान अशी तीन नावं घरात फिरतायत, कल अंदमानकडे आहे.

प्रश्न असे: सोलापूरहून जायचं कुठल्या वाटेने? पाच रात्रींत किती बेटं करावीत? चौघांपैकी कुणालाच पोहता येत नाही, मग समुद्रात उतरायचं की नुसतं बघायचं? बोट लागते का? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, तिथे जेवणाचं काय? ज्यांनी पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

रस्तारोज

ताई, आधी वाटेचं सांगतो, कारण सोलापूरकर इथेच नाहक दमतात. अंदमान म्हटलं की सगळे मुंबई किंवा पुणं धरतात. आपल्याला ते उलटं पडतं. हैदराबाद धरा. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असा सरळ ६५ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहे, साधारण ३०० किलोमीटर. पटांचेरूच्या जवळ बाह्यवळण मार्गाला लागलात की शहरात न शिरता थेट शमशाबाद विमानतळावर. हैदराबादहून अंदमानला थेट विमान आहे, सव्वादोन-अडीच तासांचं. मुंबईहून बहुतेक वेळा मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तेच जड जातं.

सोलापूरहून दुपारी निघा, शमशाबादला मुक्काम करा, सकाळचं विमान घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांचे पाहुणे हैदराबादेत असतात, तुमचे असतील तर मुक्कामाचाही खर्च वाचला. गाडी विमानतळावर ठेवण्यापेक्षा सोलापूरची भाड्याची गाडी सोडायला आणि घ्यायला सांगितलेली बरी पडते.

अक्कलकोटरोड

चेन्नईचाही विचार व्हावा. मुंबई-चेन्नई गाड्या सोलापूरवरूनच जातात. रात्रभर झोपून जायचं, चेन्नईत एक दिवस राहायचं, पुढचं विमान. चेन्नईहून अंदमानला विमानं जास्त असतात आणि तिकीटही बहुधा स्वस्त मिळतं. वेळ असेल तर ही वाट छान आहे. तुमच्याकडे मोजके दिवस आहेत, म्हणून हैदराबादच योग्य.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरूनही आता मुंबई आणि गोव्याची विमानं सुटू लागली आहेत. पण ते तिकीट आणि अंदमानचं तिकीट वेगवेगळं काढलं आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरं तिकीट बुडतं, भरपाई कुणी देत नाही. त्या वाटेने जायचं तर मध्ये एक रात्र ठेवाच.

निळंपाणी

कुठलं बेट, यावर माझं मत. लक्षद्वीपचं पाणी अंदमानपेक्षाही निवळ वाटतं, पण तिथे आपल्यालाही परवाना काढावा लागतो, विमानं मोजकी, राहायच्या जागा मोजक्या. मालदीवला भारतीयांना पोहोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा विनाशुल्क मिळतो, पासपोर्ट मात्र हवा. तिथे एका रिसॉर्टचं एक बेट असा प्रकार असतो. विमानतळावरून त्या बेटापर्यंतची स्पीडबोट किंवा समुद्रविमान यांचाच खर्च डोळे पांढरे करतो. दोघांनीच जायचं असेल तर ठीक, पण आजी आणि नातू यांना तीन दिवस एकाच बेटावर काय करायचं हा प्रश्न पडेल.

अंदमानला परवाना नाही, पासपोर्ट नाही, हिंदी सगळीकडे चालते, आणि समुद्राच्या जोडीला बघण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या खेपेला तेच घ्या. निकोबार मात्र पर्यटकांना खुलं नाही, कुणी एजंट 'अंदमान-निकोबार टूर' म्हणाला तरी तुम्ही जाणार ते अंदमानलाच.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून: हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. आरक्षण करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे.

बाळीवेस

एवढा खर्च करून जाताय तर सगळं बघून या. माझी यादी: पहिला दिवस सेल्युलर जेल. दुसरा दिवस बाराटांग, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. तिसरा दिवस रॉस आणि नॉर्थ बे. चौथा हॅवलॉक, पाचवा नील, सहाव्या दिवशी परत. एजंट लोक असाच कार्यक्रम देतात आणि लोक करतातही.

निळंपाणी

बाळीवेस, राग मानू नका, पण ही यादी चौघांपैकी दोघांना आजारी पाडेल.

बाराटांगचंच बघा. जायला रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास, यायला तेवढंच. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल आहे आणि तिथून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. पहिला ताफा गाठायचा तर अंधारात, पहाटे तीन-साडेतीनला निघायला हवं. पुढे गाडीसकट बोटीने खाडी ओलांडायची, मग खारफुटीतून छोट्या बोटीने जायचं, मग पायी. दुखऱ्या गुडघ्यांनी? आणि त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी बरेच जण गुहेपेक्षा 'जारवा दिसतात का' हेच बघायला जातात, हे मला मनापासून खटकतं. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, माणसं आपल्या घरात राहत असताना बाहेरून गाड्यांची रांग लावून डोकावायचं हे बरं नव्हे.

आता मूळ मुद्दा. बेटावरची सहल घड्याळावर चालत नाही, ती सूर्यावर आणि बोटीवर चालते. सोलापूर ७६ रेखांशाच्या जवळ, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. म्हणजे १७ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं धरली तर एक तासाहून जास्त. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जानेवारीअखेरीस आपल्याकडे सव्वासहाला दिवस मावळतो, तिथे साडेपाचच्या आत. सहाला मिट्ट काळोख. सकाळी पावणेसहाला सूर्य वर. आपण सोलापुरी हिशेबाने 'चार वाजता चहा घेऊन निघू' म्हणालो तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत सूर्य गेलेला असतो. तिथे दुपारी तीनला वाळूवर असायला हवं. जेवण लवकर, झोप लवकर, उठणं पाचला. आजींना हे आवडेल, लहान मुलंही दोन दिवसांत रुळतात.

बाळीवेस

रेखांशाचं माझ्या ध्यानात नव्हतं. बाराटांग गाळा, मान्य. पण नील तरी ठेवा. हॅवलॉकहून तासाभरात बोट नीलला जाते आणि नीलहून परत श्री विजयपुरमला. त्रिकोण होतो, उलटं यावं लागत नाही.

मालवणी_सून

मी मालवणची, लग्न होऊन सोलापुरात आले. समुद्राचं दोन शब्द मी सांगते.

नीलला जो दगडी नैसर्गिक पूल आहे, तिथे ओहोटीलाच जाता येतं. भरती असेल तर वाटच पाण्याखाली. आणि तिथल्या भरतपूरच्या किनाऱ्यावर नेमकं उलटं, फार ओहोटी लागली की काचतळाच्या बोटी थांबतात, कारण खाली पोवळी असतात. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही हवं असेल तर वेळा जुळाव्या लागतात. जाण्याआधी पंचांग बघा, ते तर आपल्या सोलापुरातच छापतात आणि घराघरांत खुंटीला असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. आमच्याकडे मुंबई-मालवणच्या भरतीच्या वेळा तिथीवरून काढतात, तो हिशेब अंदमानला लागू नाही, वेळा तिथल्याच बघाव्या लागतात. पण उधाण की भांग हे चंद्रावर, ते सगळीकडे एकच. तुमच्या तारखा ठरल्या की तिथी बघून घ्या.

हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यालाही हेच. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मध्ये खडक उघडे पडतात. ज्यांना खोलीच्या समोरच पाण्यात उतरायचं असतं ते सकाळी बाहेर येतात आणि हिरमुसतात. ते फार सुंदर असतं खरं तर. खडकांच्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे, काळे लांबट समुद्रकाकडी नावाचे जीव. मुलाला घेऊन तासभर त्या डबक्यांपाशी बसा. फक्त चप्पल घालून, आणि काही उचलायचं नाही.

आणखी एक. नील की नाही, हे गुडघ्यांवरून ठरवा. प्रत्येक बेट म्हणजे बॅगा भरा, धक्क्यावर रांगेत उभे राहा, हलत्या बोटीत पाय टाका, उतरल्यावर बॅगा शोधा. तरुणांना काही वाटत नाही. आजींचा अर्धा दिवस त्यात जातो आणि उरलेला अर्धा त्या थकव्यात.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. सूर्य साडेपाचच्या आत बुडतो हे वाचून घरात एकदम शांतता पसरली. सासूबाई म्हणाल्या, 'बरं झालं, तिथे तरी सगळे वेळेवर जेवतील.'

माझी मुख्य भीती पाण्याची आहे. मुलगा स्कूबा स्कूबा करतोय. पोहता येत नसताना हे करू द्यावं का? आणि बोटीबद्दलही सांगा.

निळंपाणी

पोहता येत नसलं तरी पहिली ओळखीची डुबकी घेता येते, कारण प्रशिक्षक सतत धरून असतो आणि फार खोल नेत नाहीत. नियमाप्रमाणे दहा वर्षं पूर्ण हवीत, तुमच्या मुलाची झालीत. आधी उथळ पाण्यात सराव करून घेतात: तोंडाने श्वास, कान मोकळे करणं, हाताच्या खुणा. तो सराव घाईत उरकणाऱ्याकडे जाऊ नका. 'एका प्रशिक्षकाकडे किती जण?' हा प्रश्न विचारा. 'एकच' हे उत्तर यायला हवं. मुलगा सरावात घाबरला तर तिथेच थांबवा, पैसे गेले तरी चालतील. जोर करून पाण्यात नेलेलं मूल पुढे कधी पाण्याजवळ जात नाही.

डुबकीनंतर लगेच विमान नको. पाण्याखाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. निदान १८ तास, आणि पूर्ण एक दिवस ठेवलात तर उत्तम. म्हणून डुबकी हॅवलॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सकाळी, शेवटच्या दिवशी कधीही नाही.

मला विचाराल तर मुलाला आधी एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग करू द्या. हॅवलॉकच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने वीस-पंचवीस मिनिटं. लाईफ जॅकेट घालून पाण्यावर पालथं तरंगायचं, चष्मा लावलेला, नळी तोंडात. माणूस रबरी रिंग धरून ओढत नेतो. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं की आधी आपल्याच श्वासाचा मोठा आवाज येतो, मग नजर स्थिरावते आणि खाली पोवळ्यांच्या फांद्यांतून निळे-पिवळे पट्ट्यांचे मासे सरकताना दिसतात, अगदी हाताच्या अंतरावर. कमरेएवढ्या पाण्यातही हे दिसतं. तुम्हीसुद्धा करा, ताई. किनाऱ्यावर बॅगा सांभाळत बसू नका. आजींसाठी काचतळाची बोट आहे.

एवढं मात्र पाळा: पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच वाढते. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती, कितीतरी ठिकाणी ती अजून सावरतायत. बोटवाला 'उभे राहा, काही होत नाही' म्हणाला तरी नाही.

कसबा_डॉक्टर

बोटीबद्दल मी लिहितो. श्री विजयपुरम ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारीने जरा जास्त. खासगी बोटी बंद, वातानुकूलित, विमानासारख्या खुर्च्या. फार जणांना त्या बंदपणामुळेच मळमळतं. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, शिवाय सकाळची बोट घ्या. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर, मधोमध, तिथे हेलकावा कमी बसतो. रिकाम्या पोटी बसू नका, तुडुंब खाऊनही नको. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, खिडकीतून क्षितिजाकडे बघायचं. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. मुलाचं प्रमाण आणि आजींच्या बाकीच्या गोळ्यांशी ती जमते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आजींची रोजची औषधं दोन भागांत ठेवा, एक हातातल्या पिशवीत. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं सरकारी रुग्णालय श्री विजयपुरमला. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं दुखणं असेल तर डुबकी नको, आणि फॉर्म भरताना ते लपवू नका. सर्दी असली तरी मुलाची डुबकी रद्द करा, कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होऊ शकते. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, डासही आहेत. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मलम घ्या.

अक्कलकोटरोड

शाकाहारी जेवणाची चिंता करू नका. बंगाली, तमिळ, तेलुगू, उत्तर भारतीय सगळ्या प्रकारचे लोक तिथे स्थायिक आहेत, डाळ-भात-भाजी, इडली-डोसा सगळीकडे मिळतं. हॅवलॉकला बाजाराच्या भागात, म्हणजे गोविंदनगरच्या बाजूला, शाकाहारी थाळ्या आहेत. हॉटेल ठरवताना आधी सांगून ठेवा. भाज्या बऱ्याचशा बोटीने येतात, त्यामुळे महाग असतात, त्यावर कुरकुर करू नये.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्याच, पण समुद्राच्या दमट हवेत कडक भाकरी तासाभरात सादळते. आपल्याकडे ती कापडात गुंडाळून महिना टिकते, कारण आपली हवा कोरडी. तिथे घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि एका वेळी लागेल तेवढीच बाहेर काढायची. चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका. टॉवेल जास्तीचे घ्या, एकदा भिजलेला दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. जाडजूड सोलापुरी टॉवेल घरी ठेवा, पातळ पंचे बरे.

रस्तारोज

पैशाचं: मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं, पण रोख जवळ ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल गेल्यापासून इंटरनेट सुधारलंय, तरी हॅवलॉकला मोबाईलची रेंज मधूनच जाते आणि मग ऑनलाईन पैसे अडकतात. बोटीची, विमानाची, हॉटेलची तिकिटं कागदावर छापून घ्या. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतात, मुलाचंही.

एजंटकडून पॅकेज घेणार असाल तर चार गोष्टी लेखी मागा: बोट खासगी की सरकारी आणि कोणत्या वर्गाची, हॉटेलचं नाव (नुसतं 'तीन तारांकित' नको), धक्क्यावरून ने-आण आहे की नाही, आणि बोट रद्द झाली तर त्या रात्रीचा खर्च कुणाचा. चौथ्या प्रश्नावर गडबडला तर दुसरा शोधा.

दक्षिणकसबा

सेल्युलर जेलबद्दल मला लिहायचंय, कारण लोक तिथे विमानातून उतरल्यावर फोटो काढण्यापुरते जातात.

१८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, ६९३ कोठड्या. आज तीनच इमारती उभ्या आहेत. रचना अशी की प्रत्येक इमारतीची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये, बोलणं-खुणा होऊ नयेत. दाराची कडी तर बाहेरून भिंतीत खोल कोनाड्यात बसवलेली, आतून हात पोहोचणं अशक्य. ती कडी मुलाला दाखवा. बाकी सगळी माहिती विसरला तरी ती तो विसरणार नाही.

सावरकरांना १९११ मध्ये तिथे आणलं, १९२१ पर्यंत ते तिथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच. बैलाने ओढायचा कोलू माणसांकडून ओढवून घेत, रोजचं ठरलेलं तेल निघालं नाही तर शिक्षा. सावरकरांची कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढावे लागतात. वहिनी, सासूबाईंना सावकाश न्या किंवा त्यांना अंगणात पिंपळाखाली बसवा. १९७९ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झालं.

आपल्या गावात चार हुतात्म्यांचा चौक रोज जाता-येता दिसतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. १९३० साली याच सोलापुरात इंग्रजांना लष्करी कायदा लावावा लागला होता. ते मुलाला जाण्याआधी सांगा. नंदीध्वजाच्या त्याच दिवसांत १२ तारीख येते, चौकात घेऊन जा आणि तिथे सांगा. मग जेलमध्ये तो नुसता दगडी इमारत बघणार नाही.

संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो, हिंदीतला निवडा, तिकीट आधी काढा, गर्दी असते. जेलला आणि रॉसला आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी आहे ते तारखा ठरवताना बघा. रॉस बुधवारी बंद असतं. आणि प्रजासत्ताक दिनाच्या आसपासची सुट्टी टाळा.

मालवणी_सून

एक सावधगिरीचं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. किनाऱ्यावर फलक लावलेले असतात, कुठे पोहायचं आणि कुठे नाही. राधानगरला जीवरक्षक असतात, ते ज्या पट्ट्यात सांगतात तिथेच. खारफुटीच्या, खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. अंधार पडल्यावर पाणी बंद.

आणि शिंपले, मेलेलं पोवळं असलं काहीही बॅगेत टाकू नका. विमानतळावर तपासतात, वन्यजीव कायदा लागतो. मुलाला आधीच बजावा, मुलं खिशात भरतात.

सुईदोरा

मंडळी, तीन संध्याकाळी बसून आम्ही ठरवलं. नीट वाटतंय का बघा.

सोलापूरहून दुपारी गाडी, शमशाबादला मुक्काम, सकाळचं विमान. पहिली रात्र श्री विजयपुरम, दुपारी जेल, संध्याकाळी ध्वनिप्रकाश. दुसऱ्या सकाळी बोटीने हॅवलॉक आणि तिथे सलग तीन रात्री. तिथल्या पहिल्या दुपारी तीनला राधानगर. तिथल्या दुसऱ्या सकाळी एलिफंट बीच, दुपारी कुठेही नाही. तिसऱ्या सकाळी मुलाची डुबकी, त्याला आदल्या दिवशी पाणी आवडलं तरच, आणि आम्ही दोघी त्या वेळात डबक्यांतले खेकडे बघणार. सहलीच्या पाचव्या दिवशी सकाळच्या बोटीने परत, दुपारी रॉस, पाचवी रात्र श्री विजयपुरम. सहाव्या सकाळी विमान.

नील गाळलं. हे जरा नाराज होते, पण सासूबाई त्यांना म्हणाल्या, 'सगळं एकदम बघायला आपण काय जनगणनेला चाललोय?' मग पुढे बोलणंच संपलं.

शंका एकच. शेवटची रात्र श्री विजयपुरमला काढायची म्हणजे हॅवलॉकची एक रात्र कमी होते. सकाळी लवकरच्या बोटीने येऊन त्याच दिवशी दुपारचं विमान घेतलं तर?

निळंपाणी

नको. वारा वाढला किंवा पाऊस आला की बंदराधिकारी बोटी थांबवतात, आणि ते बरोबरच करतात. पावसाळा नसला तरी असा एखादा दिवस येऊ शकतो. बोट रद्द झाली की दुसऱ्या दिवशीच्या बोटीवर दुप्पट माणसं असतात. शेवटची रात्र विमानाच्या गावात, हा नियम बेटावर जाणाऱ्या कुणीही मोडू नये. तुमची आखणी आहे तशीच ठेवा. हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवसाची दुपार रिकामी ठेवलीत हे तर मला सर्वात आवडलं.

रॉसला जाणं त्या दिवशी जमलं नाही तरी हळहळू नका. जमलं तर वडाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या इमारती बघा. हरणं अगदी जवळ येतात. आजींसाठी बॅटरीच्या गाड्या असतात.

बाळीवेस

माझी यादी फाडली. सुईदोरा, ही आखणी मीही उतरवून घेतो, आमच्या आईवडिलांसाठी. हॅवलॉकला राहायला कुठल्या भागात बरं?

मालवणी_सून

विजयनगर आणि गोविंदनगरच्या मधला भाग. धक्का जवळ, बाजार जवळ, समुद्रही समोर. तो पूर्वेचा किनारा आहे. कालापत्थरचा सूर्योदयही त्याच बाजूने. राधानगर पश्चिमेला, तिथे सूर्यास्त. राधानगरला राहणं शांत, पण प्रत्येक जेवणासाठी दहा-बारा किलोमीटर यावं लागतं. तळमजल्याची खोली मागा, पाश्चात्त्य शौचालय आहे ना ते विचारा, आणि खोलीपासून रस्त्यापर्यंत वाळूतून किती चालावं लागतं तेही. गुडघेदुखीला वाळू फार त्रास देते.

रस्तारोज

आरक्षणाचा क्रम: आधी विमान, लगेच बोट, मग हॉटेल. उलटं केलं तर हॉटेलच्या तारखेला बोटीत जागा नाही असं होतं. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

सुईदोरा

आज विमानाची तिकिटं काढली, हैदराबादहूनच. तारखा घेताना पंचांग उघडलं. आमच्या हॅवलॉकच्या दिवसांत अष्टमी येते, म्हणजे भांग. मालवणी_सून, मग विजयनगरला डबक्यांतले खेकडे दिसतील ना? बोटीचं आरक्षण उद्या करतेय, खालचा मजला, मधोमध.

मालवणी_सून

दिसतील. भांगातही ओहोटी असतेच, पाणी थोडं कमी सरकतं एवढंच. तिथे पोहोचल्यावर हॉटेलात ओहोटीची वेळ विचारा आणि त्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर जा. पाणी उतरत असताना चालणं सोपं, चढत असताना नाही. सासूबाईंसाठी घडीची छोटी खुर्ची मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात.